सेकंडहॅन्ड टेलिझूम, ट्रायपॉडशिवाय : निवड आणि चाचणीच्या नोंदी

पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, नवी लांब लेन्स परवडत नाही आणि ट्रायपॉड उचलून फिरायचं नाही, अशा कुणालाही या नोंदी उपयोगी पडाव्यात. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी कॅनन ८०डी : क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा १.६ पट लहान), २४ मेगापिक्सेल. बजेट पन्नास हजार, आणि प्रवास, भाडं, किरकोळ खर्च सगळं त्यातच. सगळं काम हातात धरून झालं पाहिजे, ही अट मात्र पक्की. उजनी धरणावरच्या भिगवणच्या होडीत ट्रायपॉडला जागा नसते आणि पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत तो उघडेपर्यंत पक्षी फांदी सोडतो.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

सध्याची लेन्स ५५-२५० एसटीएम. हे आकडे फोकल लांबीचे, मिलिमीटरमध्ये : जितका मोठा, तितका पक्षी मोठा दिसतो. वजन जेमतेम ३७५ ग्रॅम आणि किमतीच्या मानाने चांगली शार्प. पण २५० ला नदीच्या मध्यावरचा चक्रवाक इतका लहान येतो की फोटो कापल्यावर पिसांचा तपशील उरत नाही. निदान ४०० हवं.

जाहिराती आणि दुकानांतले भाव पाहून यादी केली. कॅननची १००-४०० एल, पहिली आवृत्ती : १९९८ची, पुढेमागे ढकलून झूम होणारी, १३८० ग्रॅम, चाळीस हजारांच्या आसपास. दुसरी आवृत्ती २०१४ची. ती सगळ्याच बाबतीत सरस, पण वापरलेलीसुद्धा नव्वदच्या खाली कुणी देत नाही, म्हणून नाव खोडलं. टॅमरॉन १५०-६०० जी२ : दोन किलो, साठच्या पुढे, म्हणजे बजेट ताणावं लागेल. सिग्मा १००-४०० कंटेम्पररी : २०१७ची, ११६० ग्रॅम, चाळीसच्या आसपास. तिची अडचण एवढीच की ४०० ला ॲपर्चर (उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही.

कॅननची ४०० एफ/५.६ प्राइमही (झूम नसलेली) मिळतेय. तिच्या शार्पनेसबद्दल कुणाचंच दुमत नाही, पण तिला हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर नाही. हाताचा साधा हिशेब म्हणजे फोकल लांबी गुणिले क्रॉप. ४०० गुणिले १.६, म्हणजे १/६४० च्या खाली उतरलं की हात हलल्याचं फोटोत दिसणार. झाडाखालच्या सावलीत १/६४० आणायचा कुठून? बाद.

१६-१७ नोव्हेंबर

विकत घेण्याआधी टॅमरॉन भाड्याने आणली. दिवसाला बाराशे, डिपॉझिट वेगळं. हे पैसे वाया गेले असं कुणी म्हणू नये. या नोंदींतला सगळ्यात मोठा निर्णय याच पैशांत झाला.

दोन्ही दिवस सकाळी पुण्याबाहेर मुळा-मुठेवरच्या कवडी पाटला गेले. पाण्यावरचा फेस आणि बंधाऱ्याला अडकलेला कचरा पाहून जीव कळवळतो, तरीही चक्रवाक दरवर्षी इथेच उतरतात. शेकाट्या, धोबी, नदी सुरय असं सगळं समोर होतं.

लेन्स उत्तम आहे, तिच्यात काही खोट नाही. पण बॉडीसकट पावणेतीन किलो होतात. पहिला अर्धा तास काही वाटलं नाही. मग डावं मनगट कुरकुरायला लागलं, हात भरून आले आणि मी कॅमेरा मांडीवर टेकवून बसू लागले. सुरय बुडी मारतो तो नेमका त्याच वेळी. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेरा आधीपासून डोळ्याला लावलेला असावा लागतो, आणि एवढं वजन घेऊन मला ते जमत नाही.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळली. क्रॉप सेन्सरवर ६०० म्हणजे फुल फ्रेमच्या ९६० इतकी अरुंद चौकट. उडता पक्षी तीत सापडत नाही म्हणून मी दर वेळी झूम मागे घेत होते. फोटोंमधली माहिती उघडून पाहिली, तर ठेवण्याजोगे बहुतेक फोटो ४०० ते ४५० ला काढलेले निघाले. म्हणजे वजन ६०० चं वाहायचं आणि वापर ४०० चा करायचा.

याला जोडून एक हिशेब. ४०० ला काढलेला फोटो ६०० च्या चौकटीइतका कापला, तर २४ पैकी साधारण पावणेअकरा मेगापिक्सेल उरतात. भिंतीवर लावायच्या छापील फोटोलाही तेवढे पुरतात. टॅमरॉन यादीतून गेली. आता पहिली कॅनन किंवा सिग्मा.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुंबई, पश्चिम उपनगर. कॅनन १००-४०० पहिली आवृत्ती, मागणी ३८ हजार. प्रवासाला साडेसहाशे.

जुन्या कॅनन लेन्सच्या माउंटवर (बॉडीला जोडणाऱ्या कड्यावर) दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं वर्षाचं. यू म्हणजे उत्सुनोमिया. वर्षाचं अक्षर ए म्हणजे १९८६ धरून मोजत जायचं. व्ही आलं, म्हणजे २००७. विकणारे काका म्हणत होते, पाचसहा वर्षांपूर्वी नवी घेतली. खोटं बोलत असतील असं नाही, कदाचित त्यांनाही दुकानात तसंच सांगितलं असेल. पण बिल नव्हतं.

बाहेरून लेन्स झकास होती. झूम घट्ट, हूडवर (लेन्सच्या पुढच्या टोकाच्या आडोशावर) एक ओरखडा. मग दोन्ही झाकणं काढली, झूम ४०० पर्यंत पूर्ण बाहेर काढला आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरून पुढून पाहिलं. टॉर्च सरळ मारला तर काहीच कळत नाही, तिरपाच हवा. आतल्या एका काचेच्या कडेला बारीक पांढुरके धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे मधून फुटून पसरलेले. फंगस. धूळ असती तर सुटे ठिपके दिसले असते, आणि धुळीला मी कधी नाही म्हणत नाही. जुन्या टेलिझूममध्ये ती असायचीच.

"काका, आत जाळी धरलीये."

"अगं, धूळ आहे ती. फोटोत काही येत नाही. हा बघ."

फोटोत खरंच काही दिसत नव्हतं. पाठीवर ऊन घेऊन काढलेल्या फोटोत ते दिसणारही नाही. मी खिडकीकडे, उजेडाच्या दिशेने फोटो काढून दाखवला. काळ्या भागांवर दुधाळ पडदा आला होता. फंगस काचेवरचं कोटिंग खाते. पुढे लेन्स उघडून साफ केली तरी डाग राहू शकतो, आणि आतली काच साफ करायची म्हणजे अर्धी लेन्स खोलायची. काका २८ हजारांपर्यंत उतरले, तरी घेतली नाही. समुद्राजवळचं घर, लाकडी कपाट आणि कापडी पिशवी, असं साठवलेलं काहीही डोळ्यांत तेल घालून तपासा.

१ डिसेंबर, रविवार

कोथरूड. तीच लेन्स, दुसरा नग. मागणी ४१, बिल आणि खोका दोन्ही. खोक्यावरचा सिरियल नंबर लेन्सशी जुळला. टॉर्चमध्ये काच स्वच्छ, माउंटच्या स्क्रूंच्या खाचा कोऱ्या, म्हणजे कुणी उघडलेली नाही. स्टॅबिलायझर सुरू केला की हलकी घरघर आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबतं, तसं थांबलं. मी जवळजवळ पैसे काढलेच होते.

शेवटची चाचणी राहिली होती. ॲपर्चर एफ/११ ला, म्हणजे बारीक, ठेवायचं आणि झूमच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक फोटो काढायचा. १०० ला झाला, २०० ला झाला. ३०० च्या पुढे कॅमेरा अडकला आणि पडद्यावर एरर ०१ आला. बॅटरी काढून घातली, लेन्सचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसले. पुन्हा तेच. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मात्र ४०० लाही बिनतक्रार फोटो येत होते.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये ॲपर्चर एरवी पूर्ण उघडं असतं आणि शटर दाबल्यावर विजेवर मिटतं. ते मिटवणारी चपटी केबल झूमबरोबर पुढेमागे वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती झिजली की उघड्या ॲपर्चरला सगळं ठीक दिसतं आणि मिटवायला गेलं की कॅमेरा रुसतो. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस सगळं काम उघड्या ॲपर्चरला करतो, त्यामुळे त्याला हा दोष महिनोन् महिने कळत नाही. विकणाऱ्या दादांनाही तो माहीत नव्हता. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. सौदा तिथेच थांबला.

८ डिसेंबर

एक दुकान. लेन्स माझ्या बॉडीवर लावू द्यायला नकार. त्यांच्या बॉडीवर दोन फोटो काढून दाखवले. परत आले.

१४ डिसेंबर, शनिवार

चिंचवड. सिग्मा १००-४००, कॅनन माउंट, मागणी ४२ हजार. काका नोकरीतून निवृत्त झालेत. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन झालाय आणि आता त्याचीच लेन्स घ्यायची म्हणून ही काढतायत. घरी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) पाहिलं तेव्हाच निम्मा जीव भांड्यात पडला.

हातात घेतल्याबरोबर फरक कळला. बॉडीसकट १.९ किलो. या लेन्सला ट्रायपॉडची कॉलर नाही. बरेच जण ती उणीव धरतात. माझ्या कामाला मात्र कॉलर म्हणजे डाव्या तळव्यात रुतणारं लोखंड. ती नाही तेच बरं. हूडला धरून पुढेमागे ढकलूनही झूम होतो, ही आणखी एक सोय.

टॉर्च, स्क्रू, स्टॅबिलायझर, एफ/११ ची फेरी, सगळ्यात उत्तीर्ण. लेन्स उभी उलटी धरल्यावर झूम आपोआप थोडा खाली सरकतो. लॉकचं बटण आहे, चालेल. दहा हजार टोकन देऊन दोन दिवस चाचणीसाठी मागितली.

"ताई, टोकन नको. तुम्ही काय पळून जाणार आहात? पण सोमवारी रात्री हो की नाही ते सांगा."

टोकन दिलंच. कागदावर सिरियल नंबर लिहून दोघांनी सह्या केल्या.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस जवळजवळ फुकट. गच्चीवर ट्रायपॉड लावला. हातात धरून वापरायची लेन्ससुद्धा आधी ट्रायपॉडवर तपासावी लागते, नाहीतर दोष काचेचा की हाताचा ते कळत नाही. स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, समोर लांबचा मोबाइल टॉवर. वेळ सकाळी अकराची.

सगळे फोटो सॉफ्ट. ४०० ला टॉवरच्या पट्ट्या विरघळल्यासारख्या. एफ/८ ला तसंच, एफ/११ ला तसंच. लेन्स परत करायच्या विचारापर्यंत आले होते. मग एकाच जागचे लागोपाठ काढलेले फोटो एकावर एक उलटसुलट पाहिले. टॉवरची रेघ एका फोटोत वर वाकलेली, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात सरळ. लेन्सचा दोष प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. हा दोष हवेचा होता. मधल्या सगळ्या गच्च्या आणि पत्रे तापून त्यांच्यावरची हवा थरथरत होती. ४०० मिमीला ही थरथर मोठी होऊन दिसते. तिच्यावर कुठलीच लेन्स उपाय करू शकत नाही, महागातली महागही नाही.

आणखी एक सापडलं. फोकसबाहेरच्या विजेच्या तारा दुहेरी येत होत्या. लेन्सवर काकांनी लावलेला ६७ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर होता. तो काढला आणि तारा एकेरी झाल्या. लांब लेन्सवर स्वस्त काच लावली की असं होतं. चाचणीआधी फिल्टर काढाच, आणि लेन्स आवडली तर तो परत लावू नका. पुढच्या काचेच्या रक्षणाला हूड पुरतो.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी सव्वासात, ऊन गच्चीवर यायच्या आत. तोच टॉवर, आता रेघन् रेघ मोजता येते.

काच आत तिरकी बसली आहे का, ते असं पाहिलं. टॉवर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणायचा, लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून प्रत्येक कोपऱ्यात नव्याने फोकस करायचा आणि चारही फोटो शेजारीशेजारी ठेवायचे. सगळे कोपरे मधल्या भागापेक्षा सारखेच कमी असतील, तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू फार पुसट आली, तर काच तिरकी, बहुधा लेन्स कधीतरी पडली असावी. या नगात ४०० ला, ६.३ वर, डावा खालचा कोपरा जरा मऊ. एफ/८ ला चारही सारखे. १०० आणि २५० ला तक्रार नाही. पक्षी मी कोपऱ्यात ठेवत नाही, म्हणून मान्य.

संध्याकाळी फोकस पाहिला आणि इथे माशी शिंकली. आठ मीटरवर एक सपाट छापील कागद, शेजारी तिरकी ठेवलेली स्टीलची पट्टी. लाइव्ह व्ह्यूने फोकस केला की कागदावरची अक्षरं कापून काढल्यासारखी. व्ह्यूफाइंडरमधून केला की अक्षरं मऊ, आणि पट्टीवर कागदाच्या मागची चार बोटं जागा शार्प. दर वेळी मागेच. ८०डी लाइव्ह व्ह्यूत सेन्सरवरूनच फोकस करतो, त्यामुळे तिथे चूक होत नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना वेगळा फोकस सेन्सर काम करतो आणि त्याचं लेन्सशी जमतंच असं नाही. आणि उडता पक्षी तर व्ह्यूफाइंडरमधूनच टिपायचा.

काकांना फोन केला. त्यांना नवल वाटलं, पण उलगडा लगेच झाला : ते ही लेन्स दोनेक वर्षं ॲडॅप्टर लावून मिररलेसवरच वापरत होते, आणि मिररलेस नेहमीच सेन्सरवरून फोकस करतो. त्यांना हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, दुरुस्त होण्यासारखं आहे पण डॉक (लेन्स संगणकाला जोडायचं उपकरण) घ्यावा लागेल आणि वेळ जाईल. थोडी घासाघीस होऊन ३८,५०० ला ठरलं. मूळ बिल, खोका, हूड, दोन्ही झाकणं.

२१-२२ डिसेंबर

८०डीच्या मेनूत प्रत्येक लेन्ससाठी फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करता येते. वीस पायऱ्या पुढे, वीस मागे, आणि झूम असेल तर रुंद टोक आणि लांब टोक वेगवेगळं. आधी तीच करून पाहिली. आठ मीटरला बरोबर बसवलं, तर तीन मीटरला फोकस पुढे येऊ लागला. एकच आकडा सगळ्या अंतरांना लागू पडत नव्हता. बॉडीतली दुरुस्ती पुसून शून्य केली. दोन्हीकडे आकडे राहिले तर पुढे गोंधळ होतो.

सिग्माचा यूएसबी डॉक सेकंडहॅन्ड मिळाला, २,८०० रुपये. लेन्स त्यावर माउंटसारखी बसते, डॉक संगणकाला जोडायचा, आणि सॉफ्टवेअरमध्ये चार फोकल लांबी गुणिले चार अंतरं असे सोळा खाने उघडतात. प्रत्येक खान्यात वेगळी दुरुस्ती. वाचायला सोपं. प्रत्यक्षात एक आकडा बदलायचा म्हणजे लेन्स बॉडीवरून काढा, डॉकवर लावा, लिहा, परत बॉडीवर लावा, फोटो काढा, मोठा करून बघा. सोळाही खाने या रीतीने भरत बसले तर दिवस पुरत नाही. पहिल्या दिवशी मी १०० पासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत जिथे कधी फोटो काढणारच नाही तेच खाने भरत होते.

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. आधी ४०० ची ओळ, तीतही मधली दोन अंतरं, कारण पक्षी मला सहा ते वीस मीटरमध्ये मिळतो. मग ४०० अनंत, सकाळच्या थंड हवेत त्याच टॉवरवर. त्यानंतर २०० च्या आसपासची ओळ. १०० ची ओळ जवळपास तशीच ठेवली. फोकस मागे पडत होता म्हणून सगळे आकडे उणे आले, ४०० ला सर्वांत मोठे. प्रत्येक आकडा नक्की करण्याआधी फोकस मुद्दाम जवळ फिरवून आणि मुद्दाम लांब फिरवून, दोन्हीकडून येऊ दिला. एकाच बाजूने तपासलं तर उत्तर फसवं निघतं.

आकडे कागदावर लिहून खोक्यात ठेवले. बॉडी बदलली तर हे सगळं पुन्हा करावं लागणार आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

हाताची परीक्षा. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर चिकटवलं, दहा मीटरवर उभी राहिले. इमारतीची सावली, ४०० मिमी. प्रत्येक शटर स्पीडला एकेक फोटोंची माळ, आधी स्टॅबिलायझर बंद, मग सुरू. सगळ्यात बारीक टायपातला फोन नंबर वाचता आला तर पास, नाही तर नापास. कसोटी अशी हो-नाहीची असली की मनाची समजूत घालायला जागा उरत नाही.

बंद असताना : १/६४० ला बहुतेक पास, १/३२० ला निम्मे, १/१६० ला क्वचित एखादा. सुरू असताना : १/१६० ला बहुतेक पास, १/८० ला निम्मे. म्हणजे माझ्या हातात मिळालेला फायदा दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ, दोन म्हणजे चौपट). तुमच्या हातात वेगळा येईल, म्हणून आपापला आकडा काढून ठेवा आणि त्याच्या खाली उतरू नका.

दोन बारकावे. शटर अर्धं दाबल्यावर स्टॅबिलायझर बसायला क्षणभर घेतो, चित्र एकदा हलकं उडी मारतं आणि मग थांबतं. त्या उडीच्या आत फोटो घेतला तर तो स्टॅबिलायझर बंद असतानाच्या फोटोपेक्षाही वाईट येतो. दुसरं, तीनचारची माळ सोडली की पहिला फोटो बऱ्याचदा मऊ असतो, कारण बोट दाबल्याचा धक्का त्यात उतरतो. दुसरा-तिसरा चांगला.

डावा हात कुठे धरायचा हेही इथेच ठरलं. माउंटजवळ धरला तर लेन्सचं नाक खाली ओढतं. झूम रिंगच्या पुढे, हूडच्या मुळाशी तळवा आणि कोपर बरगडीला टेकवलेलं, असं धरलं की १/१६० चे पास वाढले.

५ जानेवारी २०२५, रविवार

सिंहगड व्हॅली. ६.३ ॲपर्चरचं खरं दुखणं आज दिसलं. ओढ्याकाठच्या गर्द सावलीत सकाळी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० करूनही १/२०० च्या वर जाता येईना. बसलेल्या पक्ष्याला तेवढं चाललं. नाचण मात्र शेपूट पसरून जागच्या जागी नाचत असतो. डोळा शार्प, शेपूट पुसलेली. स्टॅबिलायझर हाताचा हलका कंप थांबवतो, पक्ष्याला थांबवत नाही.

फोकसही मंद उजेडात पुढेमागे धावतो. कडेचे फोकस पॉइंट सोडून मधला एकच ठेवला आणि लेन्सवरचं अंतराचं बटण सहा मीटर ते अनंतवर सरकवलं, तेव्हा धावणं पुष्कळ कमी झालं. पक्षी जवळ आला तर बटण परत फिरवावं लागतं, हे लक्षात ठेवा. स्वर्गीय नर्तक पाच मीटरवर येऊन बसला आणि फोकस लागेना. बटण फिरवेपर्यंत तो गेला.

ज्यांचं मुख्य काम असल्या जंगलातलं आहे त्यांनी ही लेन्स घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. ५.६ आणि ६.३ मधला फरक कागदावर एक तृतीयांश स्टॉपचा, पण ओढ्याकाठी तो जाणवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

भिगवण, कुंभारगावची बाजू. सूर्य वर यायच्या आत होडी उजनीच्या पाण्यात. इंजिन चालू असताना अख्खी होडी थरथरते, तेव्हा काढलेले फोटो स्टॅबिलायझर सुरू असूनही काढून टाकावे लागले. नावाडी दादांना आधीच सांगून ठेवलं होतं. रोहित दिसले तसं त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी हळू सरकवत नेली.

"ताई, उभं नका राहू. खाली बसा, पाण्याबरोबर येतो फोटो."

होडीच्या तळाशी बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली. त्यांचं बरोबर होतं. कॅमेरा पाण्याच्या पातळीशी आला आणि हातही स्थिर. टॅमरॉन असती तर अशा बैठकीत एवढा वेळ डोळ्याला लावून ठेवता आली नसती, हे आज खात्रीने लिहिते.

चरणारे रोहित १/८००, ६.३, आयएसओ ४००. उडाले तेव्हा १/१६०० आणि आयएसओ ८००. या वेगाला स्टॅबिलायझर बंद ठेवून आणि सुरू ठेवून फोटोंत काही फरक नाही, पण सुरू असला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत राहतं आणि पक्ष्याच्या डोक्यावर पॉइंट धरून ठेवता येतो. म्हणून सुरूच ठेवला. व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस डोळ्यावर बसतोय, चोचीच्या काळ्या टोकापासून गळ्याच्या पिसांपर्यंत तपशील आहे. डॉकवर घालवलेले दोन दिवस कामी आले. पट्टकादंबांचा थवा लांबून गेला. ४०० ला तो लांबच राहिला, तिथे ६०० हवीच होती.

साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागली. लांबचे फोटो मऊ यायला लागले तशी मी फक्त होडीजवळचे कुरव आणि राखी बगळे काढले.

९ फेब्रुवारी, रविवार

खर्चाचा ताळा. लेन्स ३८,५००. टॅमरॉनचं भाडं २,४००. मुंबईचा प्रवास ६५०. डॉक २,८००. हवाबंद डबा, आर्द्रतामापक आणि सिलिका जेल १,४५०. एकूण ४५,८००.

ड्राय कॅबिनेट आत्ता परवडणारं नाही, म्हणून रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. फार कोरडंही नको. मापक ५५ दाखवू लागला की सिलिका जेल कढईत मंद आचेवर गरम करून परत भरते, दाण्यांचा रंग पूर्ववत झाला की झालं. कापडी बॅग फक्त फिरतीवर, घरी आल्यावर लेन्स तीत राहत नाही. भिगवणहून आलेली लेन्स आधी पंख्याखाली तासभर ठेवली, मग डब्यात.

राहिलेलं काम एकच : ४०० च्या ओळीतला सर्वांत जवळचा खाना अजून नीट बसलेला नाही, दोन मीटरवरच्या फुलपाखराला फोकस किंचित पुढे येतो. पुढच्या रविवारी सकाळी डॉकवर लावून तो दोन पायऱ्यांनी मागे घेणार आहे.